संत्र्याचा ब्रिक्स सकाळी वेगळा, दुपारी वेगळा: एनआयआर मीटर खरंच बिघडलं का, हे कसं शोधायचं

आंबिया बहाराची (ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघणाऱ्या मालाची) तोड सुरू झाली की आमच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात ही भानगड ठरलेली. हातातलं एनआयआर मीटर (फळ न कापता, डोळ्याला न दिसणाऱ्या निअर-इन्फ्रारेड प्रकाशानं गोडी सांगणारं यंत्र) सालीला टेकवलं, बटण दाबलं, सकाळी ११ ब्रिक्स (रसाच्या गोडीचा आकडा), दुपारी तेच फळ साडेनऊ, आणि कापून रस रिफ्रॅक्टोमीटरवर (रसाच्या थेंबावरून ब्रिक्स सांगणारं यंत्र) टाकला तर तिसराच आकडा. शेतकरी म्हणतो, "भाऊ, माल तं गोड आहे, मशीन काहून कमी सांगून राह्यली?" व्यापारी म्हणतो, "ठेव थे खेळणं बाजूला, मी चाखून घेतो." आणि शेतकरी कंपनीचा जो पोरगा मीटर धरून उभा असतो त्याला दोन्हीकडून बोलणी. मंग सर्व्हिस सेंटरला फोन, ते म्हणतात कुरिअर करा, मीटर जाते, इकडं तोड आटोपून जाते, आणि मीटर परत येते तेव्हा सोबतच्या कागदावर लिहिलेलं असते की काही दोष सापडला नाही.

बहुतेक वेळा दोष नसतोच, म्हणून आधी मीटर नेमकं काय पाहते ते डोक्यात बसवा, नाहीतर खालचं सगळं शोधणं अंधारात चाचपडणं होऊन जाईल. मीटरमध्ये एक बारीक हॅलोजन बल्ब आणि एक सिलिकॉनचा डिटेक्टर असतो. बल्बचा प्रकाश सालीतून आत शिरतो, पेशींवर आपटून चहूकडं विखुरतो, आणि त्यातला जो थोडासा परत बाहेर येतो तो डिटेक्टर मोजतो. कामाचा पट्टा साधारण ७०० ते ११०० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्या पलीकडचा. या पट्ट्यात ९७० नॅनोमीटरच्या आसपास पाणी प्रकाश खाते. साखरही खाते, पण तिची खूण पाण्याच्या खुणेवर चढलेली असते, वेगळी अशी दिसत नाही. आता संत्र्याच्या रसात ८५ ते ९० टक्के पाणी आणि साखर १० टक्क्यांच्या आगेमागे, म्हणजे मोठ्या आवाजाखाली दबलेला लहान आवाज ऐकायचा आहे. तो ऐकायला कंपनीवाल्यांनी शेकडो फळं आधी मीटरनं स्कॅन केलेली असतात, मग तीच फळं कापून रसाचा ब्रिक्स काढलेला असतो, आणि दोन्हीची सांगड घालून एक सूत्र बसवलेलं असते, त्याला पीएलएस मॉडेल म्हणतात. थोडक्यात मीटर साखर मोजत नाही, परत आलेल्या प्रकाशावरून अंदाज बांधते. पद्धत काही नवी नाही, अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस यांनी १९६० च्या दशकात धान्यातला ओलावा याच तऱ्हेनं मोजायला सुरुवात केली होती. पण गहू कोरडा, बारीक दळता येणारा. संत्रा नाही.

म्हणून आकडा चुकला की प्रश्न तीनच: प्रकाश बदलला का, फळ बदललं का, की सूत्रच या मालासाठी बसवलेलं नव्हतं. त्याच्याही आधी एक चौथा, जो कोणी विचारतच नाही.

तो म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर बरोबर आहे का. सगळे मीटरवर संशय घेतात आणि ज्याच्याशी ताडून पाहतात ते यंत्र देव असल्यासारखं धरून चालतात. रिफ्रॅक्टोमीटरपण प्रकाशावरच चालते, रसात साखर जितकी जास्त तितका प्रकाश जास्त वाकतो. २० अंश तापमानाला पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, १० ब्रिक्सच्या द्रावणाचा १.३४८ च्या जवळ, फरक एवढाच. रस गरम झाला की हा आकडा खाली येतो, आणि तापमान भरपाई नसलेल्या साध्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३० अंशाचा रस साधारण पाऊण ब्रिक्स कमी दाखवतो. भरपाईवाल्या मॉडेलांची हद्दही बहुतेक १० ते ३० अंश एवढीच असते, मृग बहाराच्या मार्चमधल्या दुपारी आपलं शेड त्याच्या बाहेर केव्हाच गेलेलं असते. तर यंत्र आणि रस दोन्ही सावलीत थोडा वेळ सोबत ठेवा, काचेवर थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग वाचा. शून्य लावायला डिस्टिल्ड वॉटर घ्या, मेडिकलमध्ये किंवा बॅटरीवाल्याकडं मिळून जाते. बोअरचं पाणी नको, आपल्याकडच्या पाण्यातला क्षार काचेवर थर धरतो.

आणि रस कुठला घेता तेही पाहा. एक फोड पिळून थेंब टाकायची सवय सगळ्यांना, पण संत्र्यात देठाकडची बाजू कमी गोड असते आणि खालची जास्त, उन्हाकडची बाजू आणि झाडाच्या आतली बाजू यांतही फरक पडतो. अख्खं फळ पिळायचं, मलमलीतून गाळायचं, मग थेंब. मीटरपण देठाजवळ लावू नका, नागपुरी संत्र्याची मान बहुतेक वेळा उंच असते आणि तिथं साल जाड. फळाच्या मध्यावर, समोरासमोरच्या दोन-तीन जागी लावून सरासरी घ्या. अर्ध्या तक्रारी इथंच मिटतात.

आता मीटरकडं येऊ. माझ्या मते सगळ्यात उपयोगी टेस्ट ही आहे आणि तिला खर्च नाही: कधी न बदलणारी एक वस्तू जवळ ठेवा. जाड पांढऱ्या टेफ्लॉनचा तुकडा चालते, इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये गोल ठोकळा कापून देतात. सकाळी मीटर सुरू केल्यावर त्याच्यावर रीडिंग घ्या, दुपारी परत घ्या. ब्रिक्सचा आकडा जो यायचा तो येवो, त्याला अर्थ नाही, तो हलतो का एवढंच पाहायचं. ठोकळ्याचा आकडा हलला तर भानगड यंत्रात किंवा आजूबाजूच्या प्रकाशात. ठोकळा जागेवर आणि फक्त संत्र्याचा आकडा हलतो, तर भानगड फळात. एवढं एक कळलं तरी निम्मी शोधाशोध वाचते, आणि सर्व्हिसवाल्याशी बोलतानाही तुमच्या हाती काहीतरी राहते.

ठोकळा हलत असेल तर आधी मीटरची काच पाहा. संत्र्याच्या सालीत तेल असते, दिवसभर साल टेकवून टेकवून काचेवर तेलाचा पातळ थर बसतो, त्यावर शेडमधली धूळ. गळ्यातल्या दुपट्ट्यानं पुसू नका, त्यानं धूळ घासली जाते आणि ओरखडे पडतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याचं कापड वापरा. तीच गोष्ट पांढऱ्या संदर्भ टाइलची. मीटर प्रत्येक फळाचा प्रकाश त्या टाइलच्या प्रकाशाशी तोलून पाहते, त्यामुळे टाइल पिवळी पडली किंवा तिच्यावर बोटांचे डाग असले की सगळ्याच फळांचे आकडे एका बाजूला सरकतात, आणि मग वाटते की आज मालच वेगळा आहे.

दुसरं, संदर्भ केव्हा घेतला. सिलिकॉन डिटेक्टर पूर्ण अंधारातही थोडा करंट देत असतो आणि तापमान आठ-दहा अंशांनी चढलं की तो जवळपास दुप्पट होतो. नोव्हेंबरात आपल्याकडं सकाळी १५-१६ अंश आणि दुपारी ३० ही काही नवलाई नाही, त्यात मीटर गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेलं असलं तर बोलायचंच नाही. सकाळी एकदा पांढरा (टाइलवरचा) आणि काळा (अंधारातला) संदर्भ घेऊन दिवसभर त्याच्यावर रेटत राहिलं की दुपारचे आकडे घसरणारच. दर अर्ध्या तासानं, आणि सावलीतून उन्हात किंवा उन्हातून शेडमध्ये गेलं की लगेच, दोन्ही संदर्भ नव्यानं घ्या. मीटर चालू केल्याबरोबर मोजायला लागू नका, बल्ब स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्या. बॅटरी उतरली की बल्बचा नुसता उजेड कमी होत नाही, प्रकाशाचा रंगच लालसर होतो, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींचं प्रमाण बदलते. लाइट जायचा भरवसा नसतो त्या गावात पॉवर बँक सोबत ठेवलेली बरी.

तिसरं ऊन. उन्हात एनआयआर भरपूर असते, आणि लोकांना वाटते की मीटर सालीला दाबून लावलं म्हणजे बाहेरचा उजेड आत येत नाही. येतो. फळ स्वतःच उजेड आत ओढून घेते, पलीकडच्या बाजूला पडलेलं ऊन सालीतून शिरून विखुरत विखुरत डिटेक्टरपर्यंत पोचते. झाडावरच्या फळाचं रीडिंग घेणाऱ्यांना याचा बम त्रास. एकच फळ, एकच जागा, एकदा उन्हात आणि एकदा वरून जाड काळं कापड टाकून मोजा, फरक दिसला की समजून जा. शेडमध्येही पाहा, एलईडी बल्बातून एनआयआर नावापुरतं निघते त्यामुळे तो चालून जातो, पण जुना पिवळा बल्ब किंवा फोकसचा हॅलोजन असेल तर त्याची बहुतेक ताकद नेमकी याच न दिसणाऱ्या पट्ट्यात जाते. रात्री ग्रेडिंग करताना आकडे बिघडतात आणि दिवसा बरोबर येतात, असं कोणी सांगितलं तर मी आधी वर लटकलेला बल्ब पाहतो.

ठोकळा जागेवर आहे आणि संत्रे हलतात, तर फळाचं तापमान पाहा. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, गरम झाले की ती पकड ढिली पडते आणि ९७० वाली खूण किंचित कमी तरंगलांबीकडं सरकते. किंचितच, पण साखरेची खूणही तेवढीच बारीक, म्हणून सूत्राला वाटते साखर बदलली. झाडावरून तोडून उन्हात ढीग लावलेल्या फळाची साल हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, आणि कोल्ड स्टोरेजमधून काढलेल्या फळावर दव धरते, ते दव म्हणजे सालीवर पाण्याचा आणखी एक थर. खात्री करायची असेल तर थोडी फळं निशाणी करून घ्या, पहाटे गार असताना मोजा, मग दुपारी कोमट झाल्यावर तीच फळं त्याच निशाणीवर मोजा. सगळे आकडे एकाच दिशेनं सरकले तर तापमानच आहे, दुसरं काही नाही. उपाय साधा, माल रात्रभर शेडमध्ये ठेवून सकाळी मोजा. ज्यांना तोडीच्या जागीच मोजायचं आहे त्यांनी कॅलिब्रेशनमध्येच, म्हणजे सूत्र बसवतानाच, गार आणि गरम दोन्ही फळं घालायला हवीत, त्याला तोड नाही.

आता साल. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, जगात नाव आहे, सोलायला सोपा म्हणून लोक खुश, पण हीच सैल साल मीटरच्या जिवावर येते. साल आणि फोडी यांच्यामध्ये हवेची पोकळी असते. प्रकाश सालीतल्या पांढऱ्या भागात आधीच विखुरलेला असतो, त्यात पोकळी आली की बराचसा तिथूनच मागं फिरतो, धुक्यात गाडीचा हेडलाइट लावला की रस्ता दिसायच्याऐवजी धुकंच उजळते तसं. मीटर मग फोडींतल्या रसाबद्दल नाही तर सालीबद्दल सांगत असते. हातातल्या मीटरचा प्रकाश तसाही फळात काही मिलिमीटरच काम करतो, आणि त्यातले बरेचसे सालीतच खर्च होतात. सफरचंदासारख्या पातळ, चिकटलेल्या सालीसाठी बनवलेलं मीटर संत्र्यावर लावलं तर त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवणं चूक आहे. झाडावर उशिरापर्यंत राहिलेला, पाणी लागून फुगलेला माल अंगठ्यानं दाबला की साल आत जाते, अशी फळं वेगळी काढा आणि त्यांच्यावर मीटर लावूच नका. नवीन मीटर घेणार असाल तर बल्ब आणि डिटेक्टरमध्ये अंतर ठेवलेलं मॉडेल पाहा, म्हणजे सालीवरून थेट परतणारा प्रकाश टळतो आणि जो थोडा खोलवर जाऊन आला तोच मोजला जातो. जपानमध्ये संत्र्याच्या ग्रेडिंग लाइनीवर एका बाजूनं प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूनं मोजतात, त्यामागं कारण हेच, पण त्याला लागणारा मोठा दिवा हातातल्या मीटरमध्ये मावत नाही.

सालीवर काय बसलंय तेही पाहा. काळ्या माशीमुळे आलेली कोळशी असेल तर काळा थर प्रकाश गिळून टाकतो. बोर्डो फवारणीचे किंवा चुन्याचे पांढुरके डाग असतील तर उलटं, प्रकाश वरूनच परततो. धुतलेलं फळ पूर्ण वाळू द्या. वॅक्स मारलेल्या मालासाठी बिनवॅक्सचं कॅलिब्रेशन चालत नाही.

रंगाचा घोटाळा मात्र सगळ्यात फसवा, कारण त्यात मीटर बरोबर चाललंय असंच वाटत राहते. आंबियाचा माल ऑक्टोबरात बऱ्याचदा हिरवा असतो, रात्रीची थंडी पडल्याशिवाय रंग येत नाही. हिरव्या सालीतलं क्लोरोफिल ६७० ते ६८० नॅनोमीटरच्या दरम्यान जोरात प्रकाश खाते. कॅलिब्रेशन करताना हिरवी फळं आंबट आणि पिवळी फळं गोड अशीच आली असतील, आणि सूत्र ६०० नॅनोमीटरपासून सुरू होत असेल, तर सूत्र गुपचूप रंगावरून ब्रिक्स सांगायला शिकते, साखर पाहतच नाही. मग तुम्ही माल इथिलीनच्या खोलीत ठेवून पिवळा केला की मीटर खुशाल एक ब्रिक्स वाढवून सांगते. संत्रा तोडल्यावर आंब्यासारखा पिकून गोड होत नाही, खोलीत फक्त सालीचा रंग बदलतो. थोडी फळं निशाणी करून खोलीत जायच्या आधी आणि नंतर मोजा, आणि सोबत त्याच झाडाची तशीच फळं आधी-नंतर कापून रसही पाहा. मीटर वाढलं आणि रस वाढला नाही तर चोर सापडला. कंपनीला सांगून दिसणाऱ्या प्रकाशाचा भाग सूत्रातून काढायला लावा, ७२० च्या पुढचाच भाग वापरा म्हणावं. सुरुवातीला नेमकेपणा थोडा घटल्यासारखा वाटेल, पण तो नेमकेपणा खोटाच होता.

एवढं सगळं नीट आहे आणि तरी जमत नाही, तर सूत्र तुमच्या मालाचं नाही. आंबियावर बसवलेलं मृगावर, काटोलच्या बागेवर बसवलेलं चांदूर बाजारच्या बागेवर तसंच्या तसं चालेल हे गृहीत धरू नका. जमीन वेगळी, पाणी वेगळं, खुंट जंबेरी की रंगपूर लाइम, सालीची जाडी वेगळी. पंचवीस-तीस फळं घ्या, पण मुद्दाम वेगवेगळी, बारीक चुरीपासून मोठ्यापर्यंत, शेंड्याची, आतली, कच्ची, पक्की. मीटरचा आकडा आडवा आणि रसाचा उभा असे ठिपके आलेख कागदावर मांडा, एक्सेल येत असेल तर तिथं. सगळे ठिपके एका सरळ रेषेत पण रेषा सारखीच वर किंवा खाली सरकलेली असेल तर नुसता बायस आहे, तेवढा आकडा मीटरच्या सेटिंगमध्ये मिळवा किंवा वजा करा, काम झालं. कमी गोड फळाला मीटर जास्त सांगते आणि जास्त गोडाला कमी, असं असेल तर ते प्रत्येकाला सरासरीच्या जवळ ढकलून राहिलं आहे, तिथं मिळवणी-वजाबाकीनं भागत नाही, तुमची फळं घालून सूत्र नव्यानं बसवायला लागते. आणि ठिपक्यांचा नुसता गोळा दिसत असेल तर लगेच मीटरला शिव्या देऊ नका, आधी पाहा की सगळी फळं साडेनऊ ते साडेदहाच्या मधलीच तर नव्हती. चांगल्या जमलेल्या मीटरचीही चूक अर्धा ते एक ब्रिक्स असते, एका ब्रिक्सच्या पट्ट्यात रेषा दिसणार कशी?

याच कारणानं एकेका फळावरून भाव पाडू देऊ नका. कॅरेटमधली बरीच फळं मोजून सरासरी काढली तर मीटर कामाचं आहे, एक फळ उचलून "हे पाहा दहाच्या खाली" म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगायला लागते, तो ऐकेलच असं नाही.

व्यापारी चाखून आंबट म्हणतो आणि मीटर ११ सांगते, तर दोघंही खरे असू शकतात. ब्रिक्स म्हणजे रसातले विरघळलेले सगळे घन पदार्थ, जिभेला मात्र साखर आणि आम्ल यांचं प्रमाण कळते. आम्ल रसात बहुतेक एक टक्क्याच्याही आत असते, त्याची खूण पाण्याखाली पार बुडून जाते, म्हणून मीटरवर आम्लाचं बटण असलं तरी त्याच्यावर माझा विश्वास नाही. आम्ल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणानं टायट्रेशन करूनच काढा, जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नागपूरला अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था तर याच पिकासाठी आहे. आत वाळलेल्या, दाणेदार झालेल्या फोडीही हातातलं मीटर भरवशानं दाखवत नाही, त्यासाठी लॉटमधली काही फळं कापणंच आलं.

सर्व्हिसला केव्हा पाठवायचं, तर काच आणि टाइल साफ करूनही पांढऱ्या संदर्भाचा सिग्नल खरेदीच्या वेळेपेक्षा बराच खाली असेल, किंवा ठोकळा न हलवता लागोपाठ घेतलेली रीडिंगं उड्या मारत असतील, किंवा मीटरच्या कच्च्या आलेखात (कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश परत आला ते दाखवणारा, म्हणजेच स्पेक्ट्रम) संत्र्यावर ९७० जवळची पाण्याची खूण दिसतच नसेल. तेव्हा खुशाल पाठवा, सोबत ठोकळ्याचे आकडे लिहून द्या, म्हणजे दोष सापडला नाही म्हणून परत येणार नाही. पाठवायच्या आधी मीटरमधले कच्चे स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि बल्ब बदलून आला असेल तर जुना बायस पुसून टाका, पंचवीस-तीस फळांचा तो आलेख परत काढायला लागेल.